बिभीषणरावांची टॅक्टिकल बंदूक

"परवाना दाखवा," फौजदार म्हणाले आणि डीजे बंद पडला.

भर चौकात, गुलालाने माखलेल्या कार्यकर्त्यांपुढे, बिभीषणराव उघड्या जीपमध्ये उभे होते. खांद्याला काळी बंदूक. सरपंचपदाचा अर्ज भरायचा हा शेवटचा दिवस. तीनच्या आत कर्जतची तहसील गाठायची होती. आधीचे दिवस मोकळेच गेले होते, पण शेवटच्या दिवशी वाजतगाजत गेल्याशिवाय उमेदवाराला वजन येत नाही, अशी आपल्याकडची ठाम समजूत आहे.

बंदुकीचं म्हणाल, तर ती डाळिंबाच्या बागेतले पोपट हाकलायला आणलेली छर्र्याची बंदूक होती. तिला परवाना लागत नाही. पोपटांसाठी साधा लाकडी दस्ताही चालला असता. पण दुकानदाराने 'टॅक्टिकल' हा शब्द उच्चारला आणि बिभीषणराव विरघळले. मागेपुढे सरकणारा काळा दस्ता, गाल टेकवायला वरखाली होणारी पट्टी, बॅटरी अडकवायला खाचा. थेट कमांडोच्या हातातली वाटावी अशी. पोपटांवर तिचा काडीचाही परिणाम झाला नाही. गावावर झाला. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर बिभीषणराव गॉगल लावून, तीच बंदूक रोखून उभे राहिले आणि दुसऱ्या दिवसापासून लोक त्यांना 'कमांडर' म्हणू लागले. कशाची बंदूक, हे कुणी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

आता समोरचे उमेदवार श्रीमंतराव यांनी तक्रार केली होती. आचारसंहिता लागलेली असताना हे विनापरवाना बंदूक घेऊन हिंडतात म्हणून.

"आवो सायेब, ती तर..." मागच्या सीटवरून गोजरबाईंनी तोंड उघडलं.

"गोजर, तू गप बस!" बिभीषणराव बायकोवर खेकसले.

खरं तर एकच शब्द बोलायचा होता. पण सगळा गाव कान देऊन उभा होता. कमांडरने भर चौकात पोपटांचा विषय काढायचा तरी कसा?

"परवान्याचं काय आसंल ते ठान्यात बोलू," ते भारदस्त आवाजात म्हणाले आणि स्वतः होऊन पोलिसांच्या गाडीत जाऊन बसले. "कमांडर, तुम आगे बढो!" कार्यकर्ते ओरडले. गाडी कर्जतच्या उलट दिशेला निघाली.

ठाण्यात, दार लावून घेतल्यावर, बिभीषणरावांनी हळूच खिशातून छर्र्यांची डबी काढली. फौजदारांनी बंदूक उघडून खात्री केली आणि कसंबसं हसू दाबलं.

"अहो, हे तिथंच सांगितलं असतं, तर तिथंच सोडलं असतं की!"

ते बाहेर आले तेव्हा तीन कधीच वाजून गेले होते. गावात दुसरा अर्जच आला नव्हता. गळ्यात हार घातलेले श्रीमंतराव चौकात बिनविरोध निवडीचे पेढे वाटत होते.

"एका छर्र्याच्या बंदुकीपायी माझी सरपंचकी घालवलीत, श्रीमंतराव," बिभीषणराव कळवळून, पण हळू आवाजात म्हणाले. "तक्रार करायच्या आदी जरा चौकशी तरी करायची!"

श्रीमंतरावांनी त्यांच्या हातावर पेढा ठेवला.

"केल्ती की. छर्र्याची हाय, हे मला ठावं हुतं. पन चौकात तुमी ते कबूल करनार न्हाई, हेबी ठावं हुतं."