बाळकुमचं आकाश

जूनपासून शाळेच्या आकाशदर्शन मंडळाला गच्चीवरून चंद्र आणि गुरूशिवाय काही दिसलं नव्हतं. चारी बाजूंना टॉवरांचा झगमगाट. कंटाळून बरीच मुलं रोबोटिक्स क्लबात गेली. नववीतली पायल मात्र हट्टाला पेटली. उरलेल्यांना घेऊन ती जानेवारीभर सोसायट्यांमधून फिरली. "काका, शनिवारी आठ वाजता दहाच मिनिटं दिवे बंद ठेवाल का?"

"एवढ्या लोकांत कोण ऐकणार गं?" शनिवारी गच्चीवर मंडळाच्या मेघना मॅडम म्हणाल्या.

आठ वाजून गेले. तेवढ्यात समोरचा टॉवर विझला. मग शेजारचा. मग मागचे दोन्ही.

पोरं नाचायलाच लागली. "अरे, कृत्तिकांचा पुंजका बघ, तो बघ!" कुठे बघू नि कुठे नको, असं पायलला झालं.

तिला घरी न्यायला आलेले आबा जिन्याच्या दारातच थबकले होते. टॉवर यायच्या आधीपासून अख्खा जन्म इथे बाळकुम गावातच गेलेला माणूस. वर बघता बघता त्यांनी नातीचा हात घट्ट धरला.

"अगो पोरी, हे हायेत अजून?" ते म्हणाले. "मना वाटलं, कवाच गेले."