पहिला मार

"अंदर व्हा! कोणी बाहेर निघू नका!" सुलताना घरांच्या लाइनीच्या तोंडाशी उभी राहून ओरडत होती. सकाळचे साडेदहा वाजले होते. खाणीचा भोंगा तुटक तुटक वाजत होता आणि घुग्घुसजवळच्या त्या खाण-वस्तीतली दारं धडाधड लागत होती. शेजारचा प्रफुल्ल रात्रपाळी करून झोपलेला. तो बनियनवरच फावडं घेऊन बाहेर आला. सुलतानानं त्याला दंडाला धरून मागं ढकललं. "प्रफुल्लभाऊ, विसरले का? पलंगाखाली!" बिचारा गेला.

घरात तिची सासू अंजुमबी चपला शोधत होती.

"हा आपल्या खाणीचा भोंगा हाय, बहू. अकरम ड्युटीवर हाय. सोड मले."

"अम्मी, आता त्याचा मतलब बदलला. साहेबानं सांगतलं ना?"

सुलतानानं म्हातारीला पलंगाखाली निजवलं. म्हातारी हातपाय झाडत होती, म्हणून ती तिच्या अंगावरच आडवी पडली. आपला नवरा खाणीत आहे हे तिला काय ठाऊक नव्हतं? पण हल्ला झाला तर खाणीत तो आपल्यापेक्षा बरा, असं तिनं मनाशी म्हटलं.

साहेबानं सांगितलं होतं खरं. दोन हजार दोनचा जून. सीमेवर सैन्य खडं, टीव्हीवर रोज अणुबॉम्ब. पंधरा दिवसांपूर्वी चंद्रपूरहून एक साहेब सराव घ्यायला आला. वस्तीत दुसरा भोंगा नव्हता, म्हणून खाणीचाच घेतला. तुटक भोंगा म्हणजे खाणीत माणूस दबला, हातातलं टाकून धावायचं, हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. साहेब म्हणाला, आता तुटक भोंगा म्हणजे हल्ला. लांब भोंगा होईपर्यंत पलंगाखालून उठायचं नाही.

"अन् खाणीत काही झालं तं?" प्रफुल्लनं विचारलं.

"त्याचा वेगळा ठरवू," साहेब म्हणाला. तो कधी ठरलाच नाही.

मग साहेबानं सगळ्यांना समजावलं. पूर्वी नुसता बॉम्ब जवळ असला की पुरे होतं. आता दोघांकडंही आहे. आपण आधी टाकणार नाही, हे आपलं धोरण. पहिला मार आपण खायचा, आणि तरी उठून दुसरा मारायचा. आपण उठू शकतो एवढं शत्रूला दिसलं, की तो पहिलाही मारत नाही. यालाच धाक म्हणतात. टाळ्या पडल्या.

अंजुमबी मागून बोलली, "पण पहिला मार कोणं खायचा, साहेब?"

लोक हसले. साहेबही हसला.

सुलताना नाही हसली. त्याच सरावात म्हातारी वाळत घातलेले कपडे काढायला बाहेर गेली होती, आणि लाइनीतलं कुणीतरी बोललं होतं, "यांयले कायची भीती? बॉर्डरपल्याड तं यांयचेच लोक हायेत." हे तिला फार झोंबलं. सासरा याच कोळशात खोकून मेला, नवरा याच कोळशात राबतोय, आणि वर हे ऐकायचं! तिनं लाइनप्रमुखाचं काम स्वतःहून मागून घेतलं. माझ्या लाइनीत चूक व्हायची नाही, म्हणाली. आणि झालीही नाही.

त्या सकाळी लांब भोंगा वाजलाच नाही. तो वाजवणारा माणूसही खाली कोळसा उपसत होता. खाणीचा कडा घसरून अकरम त्याच्याखाली गेला होता. मशीन लावावं तर माणूसच कापला जायचा. आठ-दहा जण हातांनी उकरत होते आणि घडोघडी वस्तीच्या रस्त्याकडं पाहत होते. दर खेपेला त्या रस्त्यानं दोनशे माणसं धावत यायची. त्या दिवशी कुत्रंही आलं नाही.

तासाभरानं खाणीतून एक जण धापा टाकत आला आणि शिव्या देत दारं बडवू लागला. मग सगळी वस्ती धावली. अकरमला काढलं तेव्हा श्वास थांबला होता, अंग अजून गरम होतं. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी काढायला हवा होता.

त्या दिवसापासून अंजुमबीनं बोलणं सोडलं. सुनेनं वाढलेलं जेवायची आणि भिंतीकडं तोंड करून पडायची. सुलतानानं पाय धरले, रडली, डोकं आपटलं. म्हातारीनं पाय ओढून घेतले.

नोव्हेंबरात सैन्य सीमेवरून परतू लागलं. साहेब वस्तीला शाबासकी द्यायला आला, आणि सुलतानाच्या घरीही येऊन गेला. "अकरमभाईंचं फार वाईट झालं," चहा घेता घेता तो म्हणाला. "पण तुमच्या लाइनीसारखी शिस्त मी कुठं पाहिली नाही. बघा, लढाई टळली. एकही बॉम्ब पडला नाही. धाक लागू पडला."

कोपऱ्यात पडलेली अंजुमबी उठून बसली. पाच महिन्यांनी तिनं तोंड उघडलं. बोलत होती साहेबाशी, पण पाहत होती सुनेकडं.

"पहिला मार आमी खाल्ला, साहेब. आता दुसरा कोणाले मारता?"