नोंदीची मुदत

हेडक्लार्कने चौथं कपाट उघडलं. त्यात काय नाही, हे त्याला उघडण्याआधीच ठाऊक होतं. तरी त्याने वरच्या कप्प्यापासून खालच्यापर्यंत हात फिरवला, दोन फायली झटकल्या आणि शिंकला. शिंक तेवढी खरी होती.

मागे खुर्चीत धरणाच्या जुन्या चौकीदाराची मुलगी बसली होती. आज तिसरा दिवस. तीस वर्षांपूर्वी धरणाचं पाणी चढलं आणि खालच्या वस्तीतली एकोणीस घरं वाहून गेली. चौकीदाराने वेळेत कळवलं नाही, असं चौकशीत ठरलं. ऑफिसातलं निरोपाचं रजिस्टर कुणी मागितलंच नाही. ऑफिसच्या तेव्हाच्या साहेबांचा शब्द पुरेसा होता. चौकीदाराची नोकरी गेली. पुढे वस्तीने त्याच्याशी बोलणंही टाकलं.

"आप्पा आता अंथरुणावरच आहेत," ती म्हणाली. "एकच धोशा लावलाय. दुपारी तीन दहाला मी ऑफिसात फोन केला होता, निरोपाच्या रजिस्टरात असणारच, ते पान एकदा वाचून दाखव. पलीकडून कुणीतरी नुसतं 'बरं' म्हणालं म्हणे."

"बरं," हेडक्लार्क म्हणाला, आणि पाचव्या कपाटाकडे वळला.

रजिस्टर कपाटात नव्हतं, कारण अकरा वर्षांपूर्वी त्यानेच ते रद्दीत काढलं होतं. टेबल टेनिसचं टेबल ठेवायला रेकॉर्डची खोली रिकामी करायची, ही टूम त्याचीच. ऑफिसात टेबल टेनिस कुणालाच येत नव्हतं. सेहेचाळीस गठ्ठे निघाले. 'तपासून पाहिले, निरुपयोगी' या छापील ओळीखाली त्याने सही ठोकली. दोरी एकाही गठ्ठ्याची सोडली नाही. रेकॉर्ड सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या, "साहेब, उघडून तरी बघा." ऑफिस त्यांना मुदतबाई म्हणे. कुठलाही कागद हातात आला की हा किती वर्षं ठेवायचा, याची मुदत किती, असं त्या विचारत. वाढदिवसाचं कार्ड दिलं तरी. हेडक्लार्कने त्यांची रवानगी तळघरात केली. तेव्हापासून तो तळघराच्या जिन्याकडे फिरकला नव्हता.

"दुसरं कुणी असतं तर पहिल्याच दिवशी मला वाटेला लावलं असतं," मुलगी म्हणाली. "तुम्ही देवमाणूस आहात."

हेडक्लार्कचा हात कपाटातच राहिला. नोकरीत त्याने पुष्कळ शिव्या पचवल्या होत्या. हे मात्र घशाखाली उतरेना.

"ताई, मी शोधत नाहीये. ते मीच रद्दीत घातलंय."

पुरावा म्हणून त्याने तळघरात फोन केला, घरं वाहून गेली त्या वर्षाचं निरोपाचं रजिस्टर ज्या रद्दीत गेलं, तिचा सहीचा फॉर्म मागवला. पाच मिनिटांत मुदतबाई फॉर्म घेऊन आल्या. काखेत एक जाडजूड रजिस्टर होतं.

"हे कुठून आलं?"

"फॉर्म अपुरा होता, साहेब. गठ्ठा कुणासमोर उघडला, तो रकाना तुम्ही कोराच ठेवलात. अपुऱ्या फॉर्मवर काही रद्दीत जात नाही. सेहेचाळीसच्या सेहेचाळीस खाली आहेत, नंबरवार."

"आणि अकरा वर्षं सांगितलं नाहीत?"

"अकरा वर्षं विचारलं नाहीत."

मुलीने तारीख बघून पान काढलं. बोट ठेवून वाचू लागली. "तीन वाजून दहा. धरणावरून चौकीदाराचा फोन. पाणी झपाट्याने चढतंय, वस्ती हलवा." बोट पुढे सरकलं. "निरोप घेणारा..." तिथे नुसती सही होती. तिने शेजारच्या फॉर्मवरची सही पाहिली. मग परत रजिस्टरातली. वळण तेच होतं, फक्त तरुण.

"साहेब जेवून आडवे झाले होते," हेडक्लार्क म्हणाला. "उठवायचं कसं, म्हणून थांबलो."

मुलीने पानावरचं बोट काढलं नाही. हेडक्लार्कनेच विचारलं, "बाई, या पानाची मुदत किती?"

मुदतबाईंना या प्रश्नाचं उत्तर शोधावं लागलं नाही.

"कायम."