पाठीमागचं पाणी

आमच्या क्रागुयेवात्स शहरात कुणी चांगल्या कामाला निघालं, की काम पाण्यासारखं सुरळीत व्हावं म्हणून पाठीमागे पाणी ओततात आणि त्यानं वळून बघायचं नसतं. माझ्या सात मुलाखतींना आईनं ओतलं. एकही फळली नाही. मेकॅनिकलच्या वर्गात मी पहिला, शेजारचा वुकाशिन माझी ड्रॉइंग कॉपी करून कसाबसा पास झालेला. आज पंपांच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून निघाला कोण, तर तो! "त्याची आई व्हिएन्नाला कामाला, त्याच्यामागे पाणी तूच ओत," म्हणत आईनं भरलेला तांब्या माझ्या हातात दिला. दाराआड जाऊन मी पाणी घटाघटा पिऊन टाकलं. वुकाशिन आमच्याकडे पाठ करून फाटकात थांबला होता. "ओत ना गड्या, बस चुकेल! तुझ्या वेळी मी बादलीभर ओतेन!" "ओतलं रे. जा." मागे न बघता तो गेला. माझ्या हनुवटीवरून दोन थेंब तेवढे ओघळून पायरीवर पडले.