मागचं दार

सकाळी दहाला त्यानं जुन्या स्कूल बसच्या मागच्या दारावरची लाल अक्षरं घासून काढली आणि दार वेल्डिंगनं कायमचं बंद करायला घेतलं. पुढच्या महिन्यात लग्न होतं आणि त्यानंतर दोघं याच बसमध्ये राहणार होती. त्या दाराला टेकून पलंग यायचा होता.

"ते दार राहू दे," ती म्हणाली.

"अगं, मग झोपायचं कुठे? ड्रायव्हरच्या मांडीवर?"

ती हसली. मग म्हणाली, "माझ्या पहिल्या नवऱ्याच्या घराला एकच दार होतं. चिडला की तो त्यातच उभा राहायचा."

त्यानं मशीन बंद केलं.

संध्याकाळी बिजागऱ्यांना तेल घातलेलं होतं आणि दारावर ओल्या लाल रंगात पुन्हा लिहिलेलं होतं, 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग'.

पलंग कुठे बसवायचा, हे अजून ठरलेलं नाही.