खुशाल अंगठा द्या

"पुढे?" आईने विचारलं.

पुढे वाचणारी तिची सोळा वर्षांची लेक. अख्खी गल्ली तिला रेडिओ म्हणायची. आईला अक्षरओळख नव्हती. जन्मभर तिने लोकांच्या कपड्यांना इस्त्री केली, कागदांचं खातं लेकीकडे. आणि लेक वाचताना हातचं राखून वाचायची. शाळेच्या चिठ्ठीतलं 'वर्गात फार बडबड करते' घरी येईपर्यंत 'वर्गात छान बोलते' व्हायचं. आई खूश, रेडिओ खूश.

आजचा कागद ऑपरेशनचा होता. गर्भाशयाचा कॅन्सर. पोटाला चार भोकं पाडून, दुर्बिणीने पिशवी काढायची. रेडिओने बातम्यांच्या सुरात वाचलं. जखम लहान, दुखणं कमी, दोन दिवसांत घरी. आईचे खांदे सैल झाले. सकाळपासून ती दोनदा घरी पळायला चपला घालून वॉर्डच्या दारापर्यंत जाऊन आली होती.

शेवटची ओळ होती, 'क्वचित मूत्रनलिकेला इजा होते. नंतर कधीही कुशीत कळ आल्यास त्याच दिवशी दाखवा.'

"पुढे लिहिलंय, खुशाल अंगठा द्या."

आई हसली. तिने अंगठा दिला.

कॅन्सर मुळासकट निघाला. आई शेजारणींना पोट दाखवायची. "बघा, शर्टाची काजं जशी. चारच." तिसऱ्या आठवड्यात डाव्या कुशीत कळ आली.

"इस्त्रीला उभी राहते ना, म्हणून," आई म्हणाली.

रेडिओला ती ओळ आठवली. पण क्वचित म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी. शिवाय आता सांगायचं, तर तेव्हाचंही सांगावं लागणार. तिने गरम पाण्याची पिशवी भरून दिली. पुढचे दोन महिने रोज भरून दिली.

"डावी किडनी गेली," सोनोग्राफी बघून ऑपरेशनवाल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नळी आकसून बंद झाली होती. पहिल्या दिवशी आला असतात तर वाचली असती. कागदात लिहिलं होतं तसं."

"नव्हतं," आई म्हणाली. डॉक्टरांपुढे आवाज चढवायची तिची ही पहिलीच वेळ. "माझ्या पोरीने अख्खा कागद वाचून दाखवलाय मला. एक ओळ सोडत नाही ती."

डॉक्टरीणबाईंनी फाइलमधून तो कागद काढून टेबलावर ठेवला. खाली निळा अंगठा होता.

आईने तो उचलला आणि लेकीच्या हातात दिला.

"वाच गं. ऐकू दे यांना."