शिकवण्यापुरता परवाना

ओहायोत वीस वर्षं नुसत्या हातांनी लोकांच्या पाठी मोकळ्या करणारी डॉक्टर लोरेटा वडिलांसाठी ॲपलाचियाच्या डोंगरातल्या गावी परतली. ओहायोचा परवाना या दुसऱ्या राज्यात चालत नव्हता; या राज्यानं तिला नवा दिला, तो फक्त तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवण्यापुरता.

इकडे कोळशाच्या खाणीत हयात घालवलेल्या वडिलांची कंबर अशी धरली, की बुटाची नाडीही बांधता येईना. तिनं चौथ्यांदा परवाना कार्यालयाला फोन लावला.

"मॅडम, वर्गाबाहेर कुणालाही हात लावायचा नाही. वडील असले तरी नाही," पलीकडची बाई म्हणाली.

लोरेटानं फोन आपटला.


सोमवारी प्रात्यक्षिकासाठी ती वर्गात शिरली, तर टेबलावर वडीलच पालथे पडले होते.

"चल गं पोरी," ते कण्हत म्हणाले, "शिकव यांना."